कंस आपोआप बंद होतात

प्रिय दादा,

तुला आणि वहिनीला धाकट्याचा नमस्कार. मी ठीक आहे, जेवण वेळेवर होतं. आईचा गुडघा कसा आहे?

तू विचारलंस, ‘माझी करवत-पटाशी, तशी तुझी हत्यारं कोणती?’ आता एकच आहे, कॉम्प्युटरमधलं. मी प्रोग्रामची अर्धी ओळ लिहिली की उरलेली ते स्वतःच लिहून टाकतं. ऑफिसही झकास आहे. भिंतीवर ‘मोठी स्वप्नं पाहा’ असं रंगवलंय, मधोमध झोपाळा टांगलाय. त्यावर कुणी बसत नाही.

पूर्वी मी ओळीतला कंस बंद करायला विसरलो की शेजारच्या टेबलावरचे काका ओरडायचे, "अरे गाढवा, दार उघडं टाकून कुठे निघालास?" माझ्यासारख्या दहावी नापासाला त्यांनीच काम शिकवलं. हल्ली कंस आपोआप बंद होतात. काकांना गेल्या आठवड्यात घरी बसवलं. जाताना म्हणाले, "शहाण्या, पुढचा नंबर तुझाच."

आईला यातलं काही बोलू नकोस. तुझ्या शेडमध्ये रंधा मारायला माणूस लागेल का? ‘आला धरसोड्या परत’ म्हणून हवं तेवढं हस, पण नसेल जागा तर तसं स्पष्ट कळव.

तुझाच,
धाकटा