कोपराखाली दोन बोटं

६ एप्रिल, मूल गाव
सकाळी चहाचं भगोणं उचललं अन् हातातून सुटलं. अर्धा चहा ओट्यावर, अर्धा सलीमच्या पायावर. नवरा आहे म्हणून गप्प बसला. उजवा कोपर, बाहेरच्या बाजूनं, हाडाजवळ. कोणी सुई खुपसून ठेवल्यासारखं. महिना झाला असंच.
शेवटी गेलीच गडचिरोलीले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "टेनिस एल्बो आहे." म्हटलं, "म्याडम, मी मनियारीण. बांगड्या भरते. टेनिस मले ठाऊक नाई." हसल्या. दाबायचं, पिळायचं काम महिनाभर बंद म्हणाल्या. कोपराले लावायचा पट्टा दिला.
ऐन लग्नसराईत काम बंद. वा.

११ एप्रिल
पट्टा लावून पाच दिवस. दुखणं उलट जास्त. बोटांना मुंग्या. सलीम म्हणे, "और कस के बांध." बांधला. दुपारी करंगळी बधिर.
नालीत फेकावा वाटला.

१६ एप्रिल
परत बस, परत रांग. व्यायाम शिकवणाऱ्या ताईनं माझा हात पाहून कपाळालेच हात लावला. मी पट्टा बरोब्बर दुखऱ्या हाडावर आवळत होती! "हाडावर नाही काकू. कोपराखाली दोन बोटं सोडून, मांसावर. बोट सरकेल एवढाच घट्ट. झोपताना काढायचा."
हे पहिल्याच दिवशी सांगायचं ना. सांगितलंही असेल. माझं लक्ष बसच्या टायमाकडे.
मनगटाचा एक वेगळा पट्टा पण दिला. आत कडक पट्टी आहे.

२० एप्रिल
दोन बोटं खाली लावला तर भगोणं उचलता येते. खोटं काऊन लिहू. पण बांगडी भरताना गिऱ्हाइकाचा पंजा दाबून अंगठा आत घ्यावा लागते, तिथी कळ निघतेच. मनगटाचा लावला तर कळ नाई, पण मनगटच वळत नाई. मग बांगडी चढवू कशी? म्हणजे काम नाई केलं तरच हे पट्टे कामाचे.
आज एक बाई म्हणाली, "भाभी, बीपी मोजून राह्यली का दुकानात?" सगळ्या हसल्या. मी पण हसली. राग आला.

२४ एप्रिल
लिहायचं नव्हतं.
एका नवरीच्या हातात पाच बांगड्या... आपण "फुटली" म्हणत नाई, "वाढली" म्हणतो. पण फुटल्याच. कळ आली, बोट सटकलं, पाचही एकदम. पोरीच्या मनगटातून रक्त. तिची मावशी बोलली, "उद्या हळद, अन् आज हे!"
बावीस वर्षांत नवरीच्या हातात असं कधीच नाई झालं.
सलीमनं पुढं होऊन उरलेला चुडा भरला. त्या गेल्यावर म्हणे, "कुछ दिन मैं भरता हूँ, तू बैठ." चांगल्या मनानं म्हणाला. तरी भांडली मी. "बसून काय करू? भिंतीले बांगड्या भरू?"
जेवली नाई.

२ मे
बसली आठ दिवस. माल काढून देते, सलीम भरतो. त्याचा हात जड. बायका "स्स्" करतात, अन् ते "स्स्" मले आत लागते.
व्यायाम: पाण्याची बाटली धरून मनगट हळूहळू खाली सोडायचं. पंधरा वेळा. तिसऱ्याच वेळी डोळ्यात पाणी.

७ मे
शेवंताबाई आली. तलावाकाठच्या गावची, ढिवराची. जाळं ओढते, बाजारात मासे विकते. पोरीचं लग्न बारा तारखेले. "भाभी, पोरीले तूच भरजो. माह्या लग्नात बी तूच भरल्या होत्या."
पट्टा दाखवला. "हे काऊन बांधलं?" सांगितलं सगळं. तिनं पदर सारला. तिच्या कोपराखाली लुगड्याची चिंधी, करकचून गाठ. "माहा बी तेथीच दुखते, दोन साल झाले. सासूनं दाखवलं. बांधलं का ओढता येते."
नेमकी तीच जागा! अन् मी दोनदा गडचिरोली केली.
"दवाखान्यात गेली होती का?"
"तलावाले सुट्टी राहते का, भाभी?"
हो म्हणून बसली मी लग्नाले. काऊन म्हटलं हो?

१२ मे
सकाळीच शेवंताच्या गावी. मांडवात पन्नास बायका, सगळ्यांचे डोळे माह्या हातावर. नवरीचा पंजा धानाच्या रोवणीनं टणक झालेला. साबण लावला. सहा बांगड्या भरल्या. सातवीले कळ. थांबली.
पोरीनं पाहिलं. हळूच म्हणाली, "मावशी, तुमी फक्त सांगा." मग तिनंच अंगठा आत मुडपला, शेवंतानं बांगडी सरकवली. मी सांगत गेली: इकडून दाब, आता वळव, आता सोड. तास लागला. एकही वाढली नाई.
सगळ्या म्हणाल्या, भाभीनं चुडा छान भरला. मी भरला नाई. नुसता सांगितला. आनंद व्हायले पाहिजे होता.
निघताना शेवंताची चिंधी दिसली. खाली कातडी काळीनिळी. काय वाटलं कोण जाणे, माझा पट्टा काढून तिले लावला. दोन बोटं मोजून. तिनं पाण्याची भरली गुंडी उचलली. "अवो भाभी, हे तं..." म्हणत गुंडी खाली ठेवून परत उचलली. परत दे, कसं म्हणू?

१५ मे
पट्टा तिकडेच. फोन केला तं शेवंताचा नवरा म्हणे, ती तलावात आहे, पट्टा लावूनच जाळं ओढून राह्यली. भल्ली खूश आहे म्हणे. मागितला नाई.
इथल्या औषधाच्या दुकानात एकच, मोठा. माह्या हातावरून घसरते. सोमवारी गडचिरोली. डॉक्टरीणबाई विचारतील, आराम केला का. नाई थांबलं तर कोपरात इंजेक्शन म्हणाल्या होत्या, त्याचं पण विचारतील. सलीम म्हणतो घे. मले भेव वाटते.
दुपारी सलीम जुम्म्याच्या नमाजले गेलेला. एक बाई आली, लेकीच्या डोहाळजेवणाले बांगड्या पाहिजे म्हणे. "थांबा थोडं, ते येतील." "बस निघून जाईल वो भाभी," म्हणाली, अन् लेकीचा हात पुढं केला. सुजलेला, मऊ हात.
मी धरला.