मांती थकलीय, बाई

मलांग,
बुधवार, ११ जून २०२५

प्रिय मांती,

तुझा मेसेज येऊन आज सतरा दिवस झाले. मी तो वाचला हे तुला त्याच दिवशी कळलं असणार आणि वाचूनही गप्प बसले हेही. माफ कर. कामात होते असं लिहायला घेतलं होतं, पण ते खोटं आहे. या सतरा दिवसांत मी परीक्षेचे पेपर तपासले हे खरं, पण पडदेही धुतले, आईची औषधांची पेटी दोनदा आवरली, आणि एका रविवारी तर शेजारच्यांच्या मांजरीला पशुवैद्याकडे नेऊन आणलं. ज्याला एवढा वेळ मिळतो त्याला चार ओळी लिहायला मिळाला असता.

तू विचारलंस ते अगदी साधं होतं. तुझ्या लेकीला, किनासीला, दहावी ते बारावी तीनऐवजी दोन वर्षांत पूर्ण करायला निवडलंय, बुद्धीच्या चाचणीत ती सगळ्यांच्या वर आली, तेरा तारखेपर्यंत पालकाची सही हवी. आणि खाली तुझं ते नेहमीचं: ‘तू कार्बाइडवर पिकलीस, मी झाडावर. तूच सांग बाई, कुठला आंबा गोड?’ वाचून आधी हसू आलं. मग फोन पालथा ठेवला.

कार्बाइडचे आंबे हे नाव आपल्या दोन वर्षांच्या वर्गाला ठेवलं होतं तेव्हा मला किती राग यायचा, आठवतं? वरच्या मजल्यावरची ती एकच एसीची गार खोली, आपण अठरा जण, आणि जिन्यात उभी असलेली बाकीची शाळा. ‘हळू चाला रे, पेटी हलली तर डाग पडतील!’ मी मान खाली घालून जायचे. तू मात्र थांबून म्हणायचीस, ‘वास घेऊन बघ, पिकलाय का?’ आणि ती मुलं ओशाळून बाजूला व्हायची. पहिल्या दोन महिन्यांत ती मुलं तुझ्याकडे गणितं विचारायला येऊ लागली. माझ्याकडे कधीच कुणी आलं नाही. आज हे लिहिताना वाटतं, मला तुझा हेवा वाटायला लागला तो तिथूनच. चाचणीत आपल्या दोघींमध्ये दोनच गुणांचा फरक होता, पण मला जे तीनदा वाचून कळायचं ते तू मला एकदा समजावून सांगितलंस की कळायचं. ज्याचे उपकार घ्यावे लागतात त्याचाच हेवा जास्त वाटतो. हे मला चाळिशी उलटल्यावर उमगलं.

किनासीच्या प्रश्नाचं उत्तर देते, पण आधी माझं काय झालं ते सांगते, कारण तुला मी कधी धड सांगितलं नाही. सोळाव्या वर्षी सुराबायाच्या वैद्यकीय कॉलेजात गेले तेव्हा माझ्याकडे ओळखपत्रसुद्धा नव्हतं, ते सतराव्याला मिळतं. खोली भाड्याने द्यायला घरमालकीण तयार होईना. ‘काय गं पोरी, आधी आईला घेऊन ये, मग बोलू.’ वर्गातल्या मुली एकोणीस-वीसच्या. त्या प्रेमप्रकरणांबद्दल बोलायला लागल्या की कुणीतरी डोळ्यांनी माझ्याकडे खूण करायची आणि विषय बदलायचा. चौथ्या वर्षी वॉर्डात पाठवलं. एका म्हाताऱ्याचा रक्तदाब घ्यायला गेले तर तो म्हणाला, ‘बाळ, तुझी आई डॉक्टर आहे का? तिला बोलाव ना, फार दुखतंय.’ सगळा वॉर्ड हसला. मीही हसले. त्या आठवड्यात मी कॉलेज सोडलं. तुला मी तेव्हा लिहिलं होतं की रक्त बघवत नाही. ते खरं नव्हतं. मला बघवत नव्हतं ते दुसरंच काहीतरी. पुढे रसायनशास्त्र घेतलं, शिक्षिका झाले, बरी शिकवते. वाचवलेलं एक वर्ष सोड, वर तीन आणखी गेली.

पण यावरून किनासीला पाठवू नकोस असं सांगितलं तर ती अर्धीच गोष्ट होईल. मांती, ते वाचवलेलं वर्ष मला नकोच होतं. बाबा बँकेत, घर स्वतःचं, मी दोन वर्षं शिकले असते काय आणि तीन वर्षं काय. त्या वर्गात ज्या एका मुलीला ते वर्ष खरोखर हवं होतं ती तू होतीस. तू आमच्याबरोबर दोन वर्षांत बाहेर पडली असतीस तर तुझे वडील आजारी पडायच्या आधी तुझा कॉलेजात प्रवेश झाला असता, शिष्यवृत्ती हातात असती. तू तिसऱ्या वर्षात होतीस तेव्हा ते अंथरुणाला खिळले आणि त्यांच्या शिलाई मशीनवर तू बसलीस. आज तुझ्याकडे सहा मशीन आहेत, दांपितमधल्या निम्म्या शाळांचे गणवेश तू शिवतेस, आणि तू कधी रडगाणं गायली नाहीस हे मला माहीत आहे. तरीही मी हिशेब मांडत बसते. तुला तो आवडणार नाही, पण मांडते.

आता तो रमजान. बाकीच्या शाळेला महिनाभर सुट्टी होती आणि तुझ्या वडिलांनी दरवर्षीसारखे लोकांचे ईदचे कपडे शिवायला घेतले होते, तुझे हात मदतीला असणार असं धरून. आपल्या वर्गाला सुट्टी नाही हे त्यांना कुठून माहीत असणार? तीन वर्षांचं दोन वर्षांत बसवायचं म्हणजे सुट्ट्याच खायच्या, हे कुणी त्यांना सांगितलंच नव्हतं. तू अकरा दिवस आली नाहीस. मग सुमियार्सी बाई, शाळेच्या समुपदेशक, तुझ्या घरी यायला निघाल्या आणि मैत्रीण म्हणून मला बरोबर घेतलं.

तुला त्या दिवसाचं काय आठवतं ठाऊक नाही. मला सगळं आठवतं. रोजे असल्यामुळे चहा विचारता येत नाही म्हणून तुझ्या आईची चाललेली तगमग आठवते, तिने बळेबळे बाईंच्या पिशवीत कोंबलेली केळी आठवतात. तुझे वडील हात जोडून उभे. ‘चूक माझी आहे, बाई. लोकांकडून कापड घेऊन बसलो. पोरीला काही बोलू नका.’ आणि तू खाली सतरंजीवर, मांडीत कुणाचा तरी नवा सदरा, काजं करत होतीस. मशीनच्या पायडलवर रसायनशास्त्राचं पुस्तक उघडं होतं, पान उडू नये म्हणून वर कात्री. बाईंनी सहज एक प्रश्न विचारला. तू दोरा दातांनी तोडलास आणि वर न बघता उत्तर दिलंस. तो धडा वर्गात अजून सुरूही झाला नव्हता. बाई माझ्याकडे बघून हसल्या. मला हसता आलं नाही.

परतीच्या निळ्या वडापमध्ये आम्ही दोघी मागे बसलो होतो. सूर्य बुडायला थोडाच वेळ होता, ड्रायव्हरने रेडिओ लावून ठेवला होता. बाई म्हणाल्या, ‘अभ्यासात ती मागे नाही, ते मी पाहिलं. पण तब्येत? तू रोज तिच्याशेजारी बसतेस, वेनिंग. खरं सांग, झेपेल तिला?’

मी म्हणाले, ‘मांती थकलीय, बाई. मला तिची काळजी वाटते.’

एवढंच. यात एकही शब्द खोटा नव्हता. तू थकलेली होतीसच, अकरा दिवस तीन-तीन तास झोपून कोण थकणार नाही? पण ईद आठवड्यावर आली होती. ईद झाली की शिवण संपणार आणि तू पंधरा दिवसांत सगळं भरून काढणार, हे मला माहीत होतं. तू स्वतःच तसं सांगितलं होतंस, निघताना, दारात, ‘बाईंना सांग गं’ म्हणून. ते मी सांगितलं नाही. आणि मला आणखीही एक गोष्ट माहीत होती. सुराबायाच्या कॉलेजने आपल्या वर्गासाठी प्रवेशपरीक्षेशिवाय एकच जागा ठेवली होती आणि ती पहिल्या येणाऱ्याला जाणार होती. तू असताना पहिलं कोण येणार हे अठराच्या अठरा जणांना ठाऊक होतं.

मग बांग झाली, बाईंनी बाटली पुढे केली आणि मी पाणी प्यायले. रोज्यात जिभेलाही रोजा असतो हे आजीने मला पाचव्या वर्षी शिकवलं होतं.

त्या दिवसाची माझी रोजनिशी आजही माझ्याकडे आहे. तीत लिहिलंय: ‘आज मांतीसाठी बाईंशी बोलले. तिला विश्रांतीची गरज आहे. मन हलकं वाटतंय.’ म्हणजे मी बाईंना अर्धं सांगितलं आणि वहीला पूर्ण खोटं सांगितलं. वही कुणी वाचणार नव्हतं, तरी. मी स्वतःला वर्षानुवर्षं विचारत आले की मला खरंच थोडीशी काळजी वाटली होती का. कधी वाटतं, हो. पण मग लक्षात येतं की त्या काळजीचा मला उपयोग होत होता म्हणून ती वाटली होती.

जानेवारीत तुला साध्या वर्गात पाठवलं. बाई मला म्हणाल्या, ‘तू बोललीस म्हणून निर्णय घेता आला. मैत्रीण असावी तर अशी.’ तुझ्या वडिलांनी कागद न वाचता सही केली आणि वर शाळेचे आभार मानले. शिक्षक सांगताहेत म्हणजे मुलीच्या भल्याचंच असणार. तू पुस्तकं न्यायला वर आलीस, मला बघून हसलीस आणि म्हणालीस, ‘बरं झालं गं, आता झोप तरी मिळेल.’ रसायनशास्त्राच्या तुझ्या तिन्ही वह्या माझ्या बाकावर ठेवल्यास. ‘मला आता घाई नाही. तू वापर.’ मी वापरल्या. पहिली आले. तुझं त्या दिवशीचं हसणं मी पंचवीस वर्षं माझ्या बाजूचा पुरावा म्हणून वापरलं: बघा, ती तर खूश होती.

आता किनासी. माझं मत विचारशील तर सही करण्याआधी शाळेला चार गोष्टी विचार. आता त्याला वेगळा वर्ग म्हणत नाहीत, सहा सत्रांचा अभ्यास चार सत्रांत करू देतात असं म्हणतात, पण सुट्ट्या जातात का ते विचार, आणि कुठल्या जातात ते लेखी घे. मधेच साध्या गतीवर यावंसं वाटलं तर तिला कुणाची परवानगी लागेल ते विचार. तिच्या वयाच्या मुलींशी तिची गाठ कुठे पडेल तेही. आणि सगळ्यात आधी किनासीला विचार, एकटीला, कुणी बरोबर नसताना. मला किंवा तुला तसं कुणी विचारलं नव्हतं. ती हो म्हणाली तर मला वाटतं पाठव. ती तुझी मुलगी आहे, जिन्यातल्या पोरांना पुरून उरेल. पण हे मत कुणाचं आहे ते कळल्यावरच त्याची किंमत कर.

हे सगळं आजच लिहिण्याचं कारण वेगळंच आहे, मांती. सोमवारी किनासीच्या शाळेतून फोन आला. समुपदेशक बाई होत्या, तरुण, आवाज गोड. म्हणाल्या, ‘फॉर्मवर मुलीला जवळून ओळखणाऱ्या व्यक्तीचं नाव विचारलं होतं, तिथे आईने तुमचं लिहिलंय. मुलगी हुशार आहेच, पण जरा नाजूक वाटते. तुम्ही घरच्यासारख्या. तिला झेपेल का हो?’ ‘गुरुवारी सांगते’ म्हणून फोन ठेवला. मी ‘हो, झेपेल’ म्हटलं असतं तर सगळं सुरळीत पार पडलं असतं, तुला कधीच काही कळलं नसतं आणि मी मनात म्हटलं असतं, फिटलं. म्हणूनच म्हटलं नाही. तुझ्या घराबद्दल तुझ्या पाठीमागे मी एकदा बोलले आहे, दुसऱ्यांदा बोलणार नाही, चांगलंसुद्धा. आधी तू हे वाच. मग माझं नाव फॉर्मवर राहू द्यायचं की खोडायचं ते तू ठरव. खोडलंस तर मी कारण विचारणार नाही. ठेवलंस तर बाईंना काय सांगायचं ते आपण तिघी बसून ठरवू, किनासीसकट, आणि मी तेवढंच सांगेन.

तुझीच (हा शब्द तुला नको असेल तर तोही खोड),
वेनिंग

(त्याच रात्री, वेनिंगच्या रोजनिशीत) उद्या: पहिल्या गाडीने दांपितला जाऊन हे पत्र मांतीच्या हातात द्यायचं, आणि तिचं वाचून होईपर्यंत तिथून उठायचं नाही.