कारकुनाच्या मृत्यूचे खरे कारण आणि माझ्या मागे उरणाऱ्या वस्तूंची वाटणी

मी, शेवटी सही करणारा, वय एकाहत्तर, धंद्याने औषधविक्रेता, आता निवृत्त, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. डॉक्टरांची अक्षरे लावण्यात चाळीस वर्षे गेल्यामुळे माझे अक्षरही तसेच झाले आहे. वाचता न आल्यास कोणत्याही औषधाच्या दुकानात दाखवावे. माझे डोके ठिकाणावर आहे. हे लिहायला मला कोणी भाग पाडलेले नाही. माझी कुत्री, जिला आम्ही बाईसाहेब म्हणतो, या क्षणी माझ्या पावलावर डोके ठेवून झोपली आहे आणि मला उठू देत नाही. याला दडपण म्हणायचे की नाही ते कायदा जाणणाऱ्यांनी ठरवावे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, कारण आपण खरोखरच मरू असे मला कधी मनापासून वाटले नाही.

कलम १. राहते घर, त्यातले सामान आणि बँकेत जे काही उरेल ते माझ्या भाचीला, म्हणजे धाकट्या बहिणीच्या मुलीला द्यावे. तिची आई माझ्याशी बोलत नसतानाही ही मुलगी दर महिन्याला येऊन माझा फ्रिज तपासून गेली. एकच अट आहे. खालच्या फडताळांना लावलेल्या कड्या काढू नयेत. फिनेल, संडासाचे ॲसिड आणि कपड्यांची पावडर कडीच्या आतच राहावी. उंदराचे औषध घरात आणूच नये, कारण ते खाल्लेला उंदीर कुत्र्याने खाल्ला तर कुत्राही जातो. कांदे, चॉकलेट, मनुका आणि साखरेऐवजी दुसरी गोडी घातलेले च्युइंग गम माझ्या खांद्याच्या उंचीवर ठेवावे. भाची माझ्याहून बुटकी आहे. तिने स्टूल घ्यावे.

कलम २. हत्यारे. चिमटा, नखे कापायची कात्री, कॉर्नफ्लोअरची बाटली आणि लाल दोरा बांधलेला थर्मामीटर, हे सर्व बाईसाहेबांबरोबर जाईल. गोचीड दिसली की चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढावी. रॉकेल लावू नये. मी लावले होते. गोचीड जागची हलली नाही, कुत्र्याला पुरळ उठले आणि दोन दिवस घरात काडी पेटवायची कोणाची हिंमत झाली नाही. नख खोल कापले जाऊन रक्त आले तर कॉर्नफ्लोअर दाबून धरावे आणि शांत राहावे. मी शांत राहिलो नव्हतो. मला घेरी आली आणि बाईसाहेबांनी आपला पाय सोडून माझे तोंड चाटले. थर्मामीटर कोणीही स्वतःच्या तोंडात धरू नये. लाल दोरा का बांधला हे विचारू नये.

कलम ३. तळमजल्यावरच्या निवृत्त मास्तरांना माझी काळी छत्री द्यावी. ती मुळात त्यांचीच आहे. फाटकावरून कुत्र्याला चॉकलेटची वेफर देऊ नका असे मी त्यांना अकरा वेळा सांगितले आणि अकरा वेळा त्यांनी, एवढ्याशाने काय होतंय, असे उत्तर दिले. छत्री मी त्या रागातून ठेवून घेतली. राग अजून आहे, पण छत्रीची काडी मोडली आहे.

कलम ४. बाईसाहेबांना एकदा उलटी झाली आणि त्या उड्या मारत असतील तर काही तास खायला देऊ नये, थोडे थोडे पाणी द्यावे. पुन्हा पुन्हा झाली, रक्त दिसले किंवा त्या कोपऱ्यात जाऊन बसल्या, तर घरी शहाणपणा न करता दवाखाना गाठावा. उन्हाने धापा टाकत असतील तर अंग साध्या गार पाण्याने ओले करावे, बर्फ लावू नये, आणि निघावे. झटका आला तर तोंडात काहीही घालू नये. विषारी काही खाल्ले असेल तर आपल्या मनाने उलटी करवू नये. वेष्टण, बाटली, जे हाती लागेल ते बरोबर घ्यावे आणि पशुवैद्य विचारतील ते खरे सांगावे. हे शेवटचे वाक्य मी फार सहज लिहून गेलो. त्याची किंमत पुढच्या कलमात आहे.

कलम ५. बाईसाहेबांच्या आधी माझ्याकडे एक कुत्रा होता. दुकानाच्या दारात दिवसभर गंभीर चेहऱ्याने बसायचा, म्हणून त्याला कारकून म्हणत. सहा वर्षांपूर्वी, नऊ वर्षांचा असताना, तो मागच्या पायाने लंगडू लागला. मी चाळीस वर्षे गिऱ्हाइकांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी घेऊ नका असे बजावत आलो होतो, त्यामुळे मला स्वतःला विचारायची गरज वाटली नाही. आमच्या धंद्यात लहान मुलाचे औषध वजनावर ठरते. कारकून चौदा किलोचा. मी त्याला चौदा किलोचे मूल धरले, माझ्या गुडघ्याच्या गोळीचा डोस कागदावर काढला आणि खाली रेघसुद्धा मारली. माणसाची वेदनाशामक गोळी कुत्र्याला चालत नाही, त्याचे पोट आणि मूत्रपिंडे तिने जातात, हे मला माहीत नव्हते. त्या रेघेमुळे मला सगळे माहीत आहे असे वाटत होते. तीन दिवस पावात लपवून गोळ्या दिल्या. लंगडणे थांबेना म्हणून डोस वाढवला. गिऱ्हाइकाने असे केले असते तर मी त्याला काउंटरवरूनच हाकलले असते.

चौथ्या दिवशी तो खाईना, उलट्या सुरू झाल्या. पशुवैद्य बाईंनी विचारले, माणसांचे काही औषध पोटात गेले आहे का. मी नाही म्हणालो. औषधाच्या दुकानाचा मालक, आणि माझ्या हातून चुकीची गोळी गेली असे मी सांगायचे? मग मला आठवले की आदल्या दिवशी बहीण आली होती, तिच्या पिशवीतून द्राक्षे सांडली होती आणि कारकुनाने दोन-तीन खाल्ली होती. मी तेवढेच सांगितले. द्राक्षांनीही मूत्रपिंडे जाऊ शकतात, असे बाई म्हणाल्या. मला वाट सापडली. कारकून चार दिवस सलाइनवर होता आणि नंतर गेला.

बहीण रडत माझ्याकडे माफी मागायला आली. मी तिला मोठ्या मनाने माफ केले. इतक्यावर थांबलो असतो तर कदाचित ती येत राहिली असती. पण ज्याचे खापर दुसऱ्यावर फोडले त्याची आठवण मला सारखी करून द्यावीशी वाटे. द्राक्षांचा विषय मी तीन लग्नांत काढला. तिसऱ्या लग्नात ती जेवणावरून उठली आणि पाच वर्षे झाली, माझ्या दारात आलेली नाही. तिचे काही चुकले नव्हते. कारकुनाला मी मारले. मला याची लाज वाटते, आणि मी ती सहा वर्षे कडी लावून आत ठेवली.

कलम ६. बाईसाहेब, वय सात, माझ्या बहिणीला द्याव्यात. त्यांना सांभाळू शकेल असे दुसरे कोणी मला माहीत नाही. भाची दिवसभर कामावर असते. कलम पाच वाचून बहिणीने नकार दिला तर तिला दोष देऊ नये, पण मग या कुत्रीचे काय होईल हे मला सुचत नाही.

पुरवणी. वरचा मजकूर मी आज गुरुवारी साक्षीच्या सहीसाठी पशुवैद्य बाईंकडे नेला. त्यांनी कलम पाच दोनदा वाचले. त्या वेळी मला खरे सांगितले असते तर वेगळे उपचार केले असते, वाचला असता की नाही ते सांगता येत नाही, एवढेच त्या म्हणाल्या. मग पेन खाली ठेवले.

"काका, तुम्ही गेल्यावर बहिणीला हे वाचायला लावणार? मग त्यांनी भांडायचं कोणाशी?"

त्या सही करीनात. बाईसाहेबांना त्यांच्याकडे ठेवून मी बहिणीच्या शिवणाच्या खोलीत गेलो. ती मशीनवर पडदे शिवत होती. मी दारातच उभा राहून कलम पाच वाचले. पहिल्या परिच्छेदापर्यंत मशीन चालू होते.

"किती गोळ्या दिल्यास?" तिने विचारले.

"आठ."

"सहा वर्षं मी घरात द्राक्षं आणली नाहीत, दादा. नातीला आणू दिली नाहीत."

मी माझी चूक झाली असे म्हणालो. ते मृत्युपत्रात फार बरे जमले होते, तोंडाने नीट जमले नाही. ती बराच वेळ पडद्याची घडी घालत होती, एकाच पडद्याची. मग तिने कागद मागून सगळे वाचले, चप्पल घातली आणि माझ्यापुढे चार पावले चालत दवाखान्यात आली. साक्षीदार म्हणून मी सही करते, म्हणाली. मी तिला समजावले की साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, तिने सही केली तर कलम सहा रद्द होईल आणि कुत्री तिला मिळणार नाही.

"कळतंय मला. तुझ्या मरणावर मला कुत्रं नकोय. तिला सांभाळायला तू जिवंत राहा. माझं भांडण अजून सुरूसुद्धा झालेलं नाही."

त्यामुळे कलम सहा रद्द समजावे. उद्यापासून सकाळी नऊ वाजता बाईसाहेबांना घेऊन बहिणीकडे हजर व्हायचे मला फर्मान आहे. आम्ही तिघांनी एकमेकांसमोर सह्या केल्या आहेत.

ठिकाण: दवाखान्यातील तपासणीचे टेबल
दिनांक: नऊ मार्च, दुपारी चार

मृत्युपत्र करणारा: (सही) निवृत्त औषधविक्रेता
साक्षीदार १: (सही) पशुवैद्य
साक्षीदार २: (सही) बहीण. माफ केलेले नाही. सही फक्त साक्षीची आहे.