जीप भरेपर्यंत

आई,

परवा मामाच्या नातवाच्या बारशाला आपल्या मोखाड्याला जाऊन आले. परतताना स्टँडवर उभी होते, तर समोर लागलेल्या जीपमधून ड्रायव्हर मान बाहेर काढून ओरडला, ‘खोडाळाऽ, खोडाळाऽ, एक जागा!’ आत चारच माणसं होती. एक जागा म्हणजे निदान सहा, हे मला तुझ्यामुळे माहीत आहे. मला आधी हसू आलं, आणि मग पिशवी पायाशी ठेवून तिथेच डोळे पुसत उभी राहिले. शेजारच्या बाईंना वाटलं माझी गाडी चुकली. ‘येईल हो दुसरी,’ म्हणाल्या. तू जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुझ्याशी बोलायला मला कुठलंही निमित्त चालतं. माझी पन्नाशी उलटली, केस तुझ्यासारखेच आधी कानाजवळ पांढरे झाले. त्या फेब्रुवारीबद्दल आपण दोघी सलग असं कधी बोललोच नाही. आज लिहिते.

मी दहावीला होते. नाशिकच्या कॉन्व्हेंटच्या वसतिगृहातून अभ्यासाच्या रजेवर घरी आले होते. तू पंचायत समितीची सभापती होतीस आणि जिल्हा परिषदेला उभी राहिली होतीस. तेव्हा आपला जिल्हा ठाणे. तिथे जाऊन सूर्यमाळच्या पाड्यांवरच्या पाण्याबद्दल बोलायचं, एवढंच तुझ्या डोक्यात होतं, आणि नेमकं तेच ज्यांना नको होतं त्यांनी तुझ्याशी वाद घालण्याऐवजी माझ्याकडे जीप पाठवली. गणिताच्या सरांकडून घरी येताना ती माझ्याशेजारी थांबली. ‘सभापतीबाईंनी पाठवलंय, बस.’ गाडी रिकामी होती. आपल्याकडे रिकामी जीप नसते, आई. सरकारी असली तरी मागे कुणीतरी म्हातारा, कुणीतरी बाळंतीण, दोन पोती असतातच. पण मी नाशिकच्या शिस्तीत वाढलेली मुलगी. पुढची अख्खी सीट मिळाली म्हणून खूश झाले आणि दप्तर मांडीवर घेऊन ऐसपैस बसले.

सूर्यमाळच्या बाजूला जंगलातल्या एका बंद घरात मला ठेवलं. त्या दिवसांबद्दल आजही फार लिहिणार नाही. त्यांनी मला हात लावला नाही. पण दाराबाहेर बसून ते निवांत गप्पा मारायचे, आणि त्यातला एक येता-जाता म्हणायचा, ‘बघू, तुझ्या आईला खुर्ची प्यारी का पोरगी.’ मला उत्तर माहीत होतं. तरी काळोख पडायला लागला की माहीत असलेलं उत्तरही पुसट व्हायचं. इकडे तू त्यांचा निरोप मिळाल्याबरोबर चालत तहसील कचेरीत गेलीस आणि अर्ज मागे घेतलास. त्या वेळचा तुझा चेहरा मला सांगणारे नंतर खूप भेटले. कुणी म्हणे बाई ढसाढसा रडली, कुणी म्हणे दगडासारखी होती. तुला विचारलं तेव्हा तू म्हणालीस, ‘तहान लागली होती मला. एवढी माणसं जमली, पण पाणी कुणी विचारलं नाही.’

त्यांनी मला रस्त्यावर सोडलं तेव्हा पहिल्यांदा भेटली ती पाड्यावरची म्हातारी, डोक्यावर हंडा घेतलेली. सूर्यमाळला हंडाभर पाण्यासाठी बायका अर्धी सकाळ चालतात. तिनं काहीएक न विचारता हंडा उतरवला, मला ओंजळ करायला लावली, तोंड धुवायला लावलं, आणि एसटी येईपर्यंत माझ्याशेजारी दगडावर बसून राहिली. एसटीत मी कशी चढले आठवत नाही. घरी पोहोचल्यावर मात्र मी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं नाही. रस्त्यावर जीपचा आवाज हळू झाला की मी आतल्या खोलीत धान्याच्या कणगीमागे जाऊन बसायची. परीक्षा मार्चात, नाशिकला. सिस्टरांचा मामाच्या दुकानात फोन आला, की जागा आहे, कॉट तशीच ठेवली आहे, कधीही ये. पण नाशिकला जायचं म्हणजे कशाततरी बसायला हवं, आणि ते माझ्यानं होत नव्हतं. वर्ष गेलं तर गेलं, असं बाबा हळूच म्हणाले. तू ओटीवर आलेल्यांना पाणी द्यायला उठलीस. मला तेव्हा वाटलं, तुझं लक्ष नाही.

तुझं लक्ष माणसांकडे होतं. घरात रीघ लागली होती. पूर्वी ओटीवर अर्ज घेऊन बसणारे सगळे आता मला बघायला येत होते. ‘नेलं कुठं? खायला काय दिलं? आणि काही... तसं?’ पहिल्या दिवशी तू ऐकून घेतलंस. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर ओटीवर वालाच्या शेंगांची टोपली आणि सुपं मांडलेली. येईल त्याच्या पुढ्यात तू सूप सरकवत होतीस. ‘बसा. हे सोलता सोलता बोला.’ आपल्याकडच्या माणसाच्या हातात शेंग दिली की तो शेंगेचंच बोलतो. कुणाचा वाल किडला, कुणाची नागली उंदरांनी खाल्ली, यंदा आंब्याला मोहोर कसा. मी दाराआड ऐकत बसायची. मग चौकटीत बसायला लागले. मग एक दिवस माझ्याही पुढ्यात सूप आलं. आठवडाभर घरात रोज वालाची उसळ. बाबा ताटावर बसल्या बसल्या म्हणाले, ‘आज कोण कोण येऊन गेलं ते उसळीवरून कळतंय.’ घरी आल्यानंतर मी पहिल्यांदा हसले ती तेव्हा. तू भाकरी थापत होतीस, पाठमोरी. तुझे हात क्षणभर थांबले आणि पुन्हा चालू झाले.

मामा तेवढा शेंगांना बधला नाही. ‘ताई, पोरीचं लवकर बघून टाकू. लोक बोलायच्या आत.’

‘कोण बोलतंय?’

‘लोक.’

‘त्यांना इथं पाठव. अजून दोन टोपल्या आहेत.’

आणि तू मला आयुष्यात एकदाच खरी रागावलीस, तीही त्याच दुपारी. मी म्हटलं होतं की माझ्यामुळे तू निवडणूक सोडलीस. तू तव्यावरची भाकरी उतरवून ठेवलीस आणि माझ्याकडे वळलीस. ‘अर्ज मी भरला, मी मागं घेतला. तो माझा निर्णय. त्यावर तू हक्क सांगायचा नाही.’ सभेत बोलायचीस तसा आवाज. मला इतकं बरं वाटलं की मी ती गरम भाकरी तशीच, नुसत्या मिठाबरोबर खाल्ली.

मग तू मला स्टँडवर नेऊ लागलीस. ‘कुठं जायचं नाही. नुसतं बसू. जीप भरेपर्यंत.’ आपल्याकडची जीप भरल्याशिवाय हलत नाही, आणि भरायला कधी अर्धा तास, कधी पाऊण. तेवढा वेळ आपण दोघी आत बसायचं आणि ती सुटायची वेळ झाली की उतरायचं, असा तुझा बेत. पहिल्या दिवशी मी पायरीवर एक पाय ठेवला आणि परत फिरले. तू म्हणालीस, ‘झालं आजचं.’ दुसऱ्या दिवशी कडेला टेकले. ड्रायव्हर सुरुवातीला वैतागला. ‘सभापतीबाई, तुमी सीट अडवता नि सुटायच्या टायमाला उतरता. माझं तेल तुमी घालनार का?’

‘तेल जळलंय कुठं? गाडी उभीच आहे तुझी.’

तो डोकं खाजवत राहिला, आणि दोन दिवसांनी स्वतःच हाका मारू लागला. ‘या या, बसा लवकर. तुमी दोघी बसल्या ना, का गाडी भरल्यावानी दिसते. मंग मानसं येतात.’

पण बाजाराच्या दिवसाखेरीज माणसं हळू यायची, आणि रिकाम्या जीपमध्ये मला श्वास पुरेनासा व्हायचा. ते तू पाहिलंस. तू खाली उतरलीस, पदर खोचलास, मला दिसत राहशील अशी दारापाशी उभी राहिलीस आणि ओरडलीस, ‘खोडाळाऽ, खोडाळाऽ! एक जागा!’ अख्खं स्टँड वळून बघायला लागलं. सभेत जिच्यापुढे गटविकास अधिकारी उभे राहून बोलायचे ती बाई जीपच्या दारात उभी राहून गिऱ्हाईक भरत होती. चहाच्या टपरीवरून कुणीतरी म्हणालं, ‘सभापती गेली नि क्लीनर झाली!’ तू वळून म्हणालीस, ‘बरंय की. सभापतीकडं अर्ज येतात, क्लीनरकडं माणसं.’ लोक हसले आणि दोघे खरंच येऊन बसले. रोज हेच. जीप भरायची, तू मला हात द्यायचीस, आपण उतरायचो, आणि आपल्या जागी आणखी तिघं बसायची.

ज्यानं ती रिकामी जीप पाठवली त्याचं नाव सगळ्या तालुक्याला ठाऊक होतं. पोलिसांनी त्या घराच्या दाराबाहेर बसणाऱ्या दोघांना धरलं, त्याच्यापर्यंत कुणी पोहोचलं नाही. प्रचाराच्या धामधुमीत एकदा त्याची पांढरी गाडी स्टँडवरून हळू चालली होती, काच खाली. मी सीटवर खाली सरकले. तू हललीसुद्धा नाहीस. तसाच हात वर केलास आणि त्याच्या तोंडावर, त्याच सुरात, ‘खोडाळाऽ, एक जागा! येता का? इथं सगळे एकमेकांना ओळखतात!’ काच वर गेली. गाडी गेली तशी आपला ड्रायव्हर पचकन थुंकला आणि म्हणाला, ‘आपल्या गाडीत नाय बसायचा तो. दाटीत त्याचा जीव घुसमटंल.’ तेव्हा मात्र जीपमधली सगळी माणसं हसली, आणि त्यांच्यात मी होते. तू मात्र लगेच पुढच्या गिऱ्हाईकाला हाक मारलीस, नेहमीपेक्षा मोठ्यानं.

आणि मग तो बाजारचा दिवस. जीप अशी भरली की माझ्या मांडीवर कुणाचंतरी पोर, पायात कोंबड्यांची पाटी. शेवटी चढली ती पाड्यावरची म्हातारी, हंड्यावाली. मला ओळखलं की नाही कोण जाणे. ‘सरक ग बाय जराशी,’ म्हणाली आणि माझ्या बाजूला रुतून बसली. तू दारात उभी, हात पुढे केलेला. ‘चल, उतर. भरली गाडी.’ म्हातारी म्हणाली, ‘आता कुठं उतरते? माझ्या डोसक्यावरून जाते का?’ मी म्हटलं, ‘चालू दे.’ तुला ऐकू आलं नाही. मी पुन्हा म्हटलं, ‘आई, चालू दे.’ तुला आत जागा नव्हती. तू मागे पायरीवर उभी राहिलीस, दांडी धरून, पुरुषांच्या रांगेत, पदर कमरेला. खोडाळ्यापर्यंत, सगळ्या वळणांवर, मान वळवली की मला तू दिसत होतीस. मार्चात मी एसटीनं नाशिकला गेले. पेपर दिले. सिस्टरांनी खरंच कॉट तशीच ठेवली होती.

पुढे तू पुन्हा उभी राहिलीस आणि निवडून आलीस. लोक त्यासाठी तुझी आठवण काढतात, आणि पाड्यावरच्या पाण्याच्या टाकीसाठी. मला मात्र, विचारशील तर, तू सभेतली आठवत नाहीस. आठवतेस ती त्या पायरीवरची, धुळीनं भुवया पांढऱ्या झालेली, आमच्याकडे पाहून हसणारी.

हा कागद कुठे पाठवायचा नाही, म्हणून एक गोष्ट सांगून टाकते. बाजाराच्या त्या दिवसाआधी निदान तीन-चार वेळा मला जाता आलं असतं. माझी भीती तोवर पुष्कळ ओसरली होती, मला कळत होतं. तरी तू हात दिलास की मी उतरत होते. उद्या पुन्हा तू दारात उभी राहून माझ्यासाठी ओरडावंस म्हणून.