खडूने लिहिलेली नावं

प्रिय थोरल्या,

अनेक आशीर्वाद. अक्षर बघून घाबरू नकोस, मी ठणठणीत आहे. दरवेळी मी सांगते आणि मुंगी लिहिते, त्यामुळे आईचं पत्र म्हणजे तुझ्या लेकीचं गोल, सरळ ओळीतलं अक्षर अशीच तुला सवय झाली आहे. हे मात्र मी माझ्या हाताने लिहिते आहे. ती शाळेत गेली की स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसते आणि ती यायच्या आत कागद तांदळाच्या डब्यात लपवते. आज तिसरा दिवस. तिसरीत शाळा सुटलेल्या बाईला चार पानं लिहायला इतके दिवस लागायचेच. काना-मात्रा चुकली तर पदरात घे. सूनबाईला सांग, तिने पाठवलेला चष्मा नाकावर नीट बसतो, जुन्यासारखा आमटीत पडत नाही.

तू सांगितलंस तसं गुरुवारी शाळेत जाऊन आले. तुझा आणि मुंगीचा करार मला तोंडपाठ आहे. वर्षाच्या शेवटी शाळेच्या एका तरी फळ्यावर तिचं नाव लागलं तर ती दहावी इथेच, माझ्याजवळ करणार. नाही लागलं तर तुमच्याकडच्या त्या वसतिगृहाच्या शाळेत, जिथे पहाटेपासून शिकवण्या असतात. शाळा सोडल्याच्या दाखल्याचा अर्ज तू सही करून माझ्याकडे पाठवलास, नाव नसेल तर ऑफिसात दे, असेल तर फाडून टाक म्हणालास. मी तो पिशवीत घातला आणि निघाले. तुला उत्तर एका शब्दात हवं असणार. पण मी काही तार करत नाहीये, पत्र लिहिते आहे. तेव्हा बंदरावर क्रेनच्या खुर्चीत बसून वाचत असशील तर खाली उतर, चहा घे, मग वाच.

शाळा वर्षातून एकदा सगळे विभाग उघडून दाखवते, हे तुला ठाऊक आहेच. लांबच लांब व्हरांडा, दोन्ही बाजूंना वर्ग, प्रत्येक विभागाच्या दाराशेजारी एक काळा फळा, आणि त्यावर त्या विभागात वर्षभर ज्यांनी काही करून दाखवलं त्यांची नावं. मी फळ्यांकडे बघितलंच नाही. मनाशी म्हटलं, बातमी काय असेल ती असेल, आधी मजा तर बघून घेऊ. डॉक्टरकडे गेल्यावर मी आधी त्याच्या मुलाबाळांची चौकशी करते, तसंच हे.

काय सांगू तुला, पोरं काय काय करतात. विज्ञानाच्या खोलीत दोन मुलींनी पावाच्या सात तुकड्यांवर सात दिवसांची बुरशी वाढवली होती आणि बरण्या ओळीने मांडल्या होत्या. माझ्या घरी पावाला बुरशी आली की मुंगी मला बोलते, आणि इथे त्याला दुसरं बक्षीस. एका मुलाने टाकी भरली की घंटा वाजेल असं यंत्र केलं होतं. घंटा छान वाजली, पण पाणी थांबवायचं त्याने काही केलेलं नव्हतं, त्यामुळे विज्ञानाच्या सरांचे बूट भिजले. सर म्हणाले, पुढच्या वर्षी थांबवू. सुतारकामाच्या खोलीत मला तीन पायांच्या खुर्चीवर बसवलं. मी म्हटलं, अरे, माझं वजन बघा, मग आग्रह करा. बसले, तर खुर्ची हू की चू करेना. शिवणाच्या वर्गात मी जरा आगाऊपणा केला. झबल्यांची उलटी बाजू काढून टाके बघितले, कारण उजव्या बाजूने सगळेच गोड दिसतात. एका मुलीची काजं इतकी सुरेख होती की मी तिथेच तिच्या हाताचा मुका घेतला. ती बिचारी लाजून कपाटाआड गेली.

गणिताच्या खोलीत एक चष्मेवाला मुलगा होता. जन्मतारीख सांगा, मी वार सांगतो, असा त्याचा धंदा. माझी तारीख म्हणजे शाळेत घालताना मास्तरांनी माझ्या उंचीकडे बघून टाकलेली, तीच दिली. मंगळवार म्हणाला. मी म्हटलं, असेल बाबा, मी तेव्हा फार लहान होते. इतिहासाच्या खोलीत तर माझी फजितीच झाली. जुन्या काळच्या वस्तू म्हणून मांडलेल्या, त्यात कोळशाची इस्त्री. तसल्याच इस्त्रीवर मी दवाखान्याच्या चादरी सोळा वर्षं फिरवल्या. तसं म्हटल्याबरोबर तिथल्या दोन मुलांनी वही काढली आणि मला स्टुलावर बसवून प्रश्न विचारायला लागली. तुम्ही त्या काळातल्या का, असं विचारलं. मी म्हटलं, नाही रे, मी याच काळातली, तो काळ माझ्यातून गेला. हेही त्यांनी लिहून घेतलं. म्हणजे पुढच्या वर्षी मीच त्या टेबलावर चिठ्ठी लावून बसलेली दिसणार.

मग फळे. आता टाळता येईना. तुला माहीत आहे, मला वाचायला वेळ लागतो. दुकानाची पाटी मी एकेक अक्षर लावत वाचते, तोवर दुकान बंद होतं. पण इथे मी विज्ञानाचा फळा सरसर वाचला. मग गणिताचा, मग भाषांचा, कुठे अडले नाही. वाटलं, सूनबाईच्या चष्म्याची करामत. संगीताच्या फळ्यापाशी मात्र थबकले. र ची शेपटी जराशी वर वळलेली. असा र माझ्या घरात मोहरीच्या बरणीवर आहे, साखरेच्या डब्यावर आहे, माझ्या रात्रीच्या गोळीच्या बाटलीवर आहे. मी मागे फिरून सगळे फळे पुन्हा बघितले. सगळं मुंगीचं अक्षर. थोरल्या, त्या व्हरांड्यात अकरा फळे आहेत आणि शंभरावर नावं, आणि त्यातलं प्रत्येक नाव तुझ्या लेकीने लिहिलेलं आहे.

चित्रकलेच्या बाई मला तिथे भेटल्या. त्या म्हणाल्या, आधी ज्याचा त्याचा विभाग आपापला फळा लिहायचा, आणि आईबापांना पोराचं नाव शोधून सापडायचं नाही. दोन वर्षांपासून सगळे हिलाच बोलावतात. आठ दिवस रोज शाळा सुटल्यावर थांबते. प्रत्येक विभागात जाते, कोणी काय केलं ते विचारते, नाव कसं लिहायचं ते त्या त्या मुलालाच विचारून घेते. मी म्हटलं, मग हिचं स्वतःचं नाव कुठल्या फळ्यावर? बाई जरा ओशाळल्या. म्हणाल्या, हे काम कुठल्या विभागात घालायचं, तेच कोणाला कळलेलं नाही.

मुंगी व्हरांड्याच्या टोकाला होती, खेळांच्या फळ्यासमोर, स्टुलावर उभी. खेळांचे निकाल उशिरा आले होते म्हणून तो एकच फळा राहिला होता. केसांवर खडूची भुकटी, मला क्षणभर वाटलं माझीच बहीण उभी आहे. एका मुलाचं नाव लिहून झालं होतं ते तिने पुसलं आणि परत लिहिलं, आडनावातलं एक अक्षर चुकलं म्हणून. मी म्हटलं, कोण बघतंय एवढं. ती म्हणाली, त्याची आई येणार आहे बघायला.

आता मी काय केलं ते सांगते, लाज वाटते तरी सांगते. व्हरांड्यात त्या वेळी कोणी नव्हतं. फळ्याच्या खालच्या कोपऱ्यात चांगली वीतभर जागा होती. मी हळूच म्हटलं, अगं, खडू तुझ्याच हातात आहे, तिथे एक ओळ तुझी घाल की. धावण्यात घाल, नाहीतर उंच उडीत, कोण मोजायला बसलंय. मी तुझ्या बाबाला लिहीन, नाव होतं म्हणून, ते काही खोटं होणार नाही. ती स्टुलावरून उतरलीसुद्धा नाही. म्हणाली, आजी, तिथे गोळाफेकवाल्या मुलीचं नाव यायचंय. आणि लिहायला लागली. मला राग आला. मी म्हटलं, मग मी हा अर्ज आत्ता जाऊन देऊ का? तिचा हात थांबला. नुसता थांबला, वळली नाही. मग म्हणाली, बाबांनी सांगितलंय तसं कर, आणि जरा ते डस्टर दे. मी डस्टर दिलं. दुसरं काय देणार होते.

तू विचार कर. दोन वर्षं ती हे फळे लिहिते आहे. यंदा करार झाला तेव्हा तिला ठाऊक होतं की एक ओळ लिहिली की इथे राहता येईल. आठ दिवस रोज खडू हातात, आजूबाजूला कोणी नाही. शंभर जणांची नावं लिहिली, एकाचं पुसून नीट केलं, स्वतःचं लिहिलं नाही. मला तिने घरी यातलं काही सांगितलंही नव्हतं. उशीर का होतो विचारलं की म्हणायची, काम होतं.

मी ऑफिसात गेले. करार तो करार. रांगेत उभी राहिले, पुढे चार माणसं होती. माझी पाळी आली, कारकुनाने हात पुढे केला. मी त्याला विचारलं, तुमचं घड्याळ बरोबर आहे का? तो म्हणाला, पाच मिनिटं मागे आहे. मी बरं म्हटलं आणि बाहेर आले.

घरी येताना तुझीच आठवण येत होती. तू नववीत होतास, गणितात तिसरा आला होतास, आणि धावत दवाखान्याच्या धोबीखान्याच्या दारात आला होतास. धापा टाकत म्हणालास, आई, फळ्यावर नाव लागलंय, पुसायच्या आत ये. त्या आठवड्यात तापाची साथ होती, चादरींचे डोंगर, आम्हा बायकांना दोन-दोन पाळ्या. उद्या जाईन, उद्या जाईन करत मी सोमवारी गेले. फळा ओला होता. शिपाई म्हणाला, शनिवारीच पुसला. मी घरी येऊन तुला म्हटलं, बघितलं हो, छान दिसत होतं नाव. तू विचारलंस, कुठल्या रंगाच्या खडूने होतं? मी म्हटलं, पांढऱ्या. तू पानावरून उठून हात धुवायला गेलास. नंतर तुझ्या वर्गातल्या मुलाकडून कळलं, त्या वर्षी नावं पिवळ्या खडूने लिहिली होती. पुढच्या वर्षी तू शाळा सोडून बंदरावर गेलास. घरची ओढाताण होती, तेच कारण सगळ्यांना माहीत आहे, मीही तेच सांगते. पण तू फळ्यावरच्या नावाला एवढा का अडून बसतोस, हे मला तरी कोणी समजावून सांगायला नको. ती गोष्ट मी तुझ्यापाशी कधी काढली नाही. आज काढते आहे. चुकलं माझं.

म्हणून हे पत्र मुंगीकडून लिहून घेतलं नाही, आणि म्हणून त्यात या वेळी खोटं घालायचं नाही असं ठरवलं. तुझ्या लेकीचं नाव एकाही फळ्यावर नाही. मी अकराच्या अकरा दोनदा वाचले. कराराप्रमाणे ती तुझ्याकडे यायला हवी, आणि मी अर्ज द्यायला हवा होता. तो मी दिलेला नाही, फाडलेलाही नाही, या पाकिटातच तुला परत पाठवते आहे. ती गेली तर मी एकटी पडेन हे खरं आहे, पण ते यात धरू नकोस, मला रेडिओ आहे, शेजारीण आहे आणि माझं तोंड आहे. फळे येत्या नाही, त्याच्या पुढच्या शनिवारी दुपारी पुसणार आहेत, मी शिपायाला दोनदा विचारून घेतलं. शुक्रवारची गाडी धरलीस तर सकाळी पोचशील. सुट्टी माग, आई आजारी आहे म्हणून सांग, तेवढं खोटं मला चालेल. व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकेक नाव वाच, आणि ते लिहिणारीला शेजारी उभी करून वाच. त्यानंतरही तिला न्यावंसं वाटलं तर ऑफिस उजव्या हाताला आहे. अर्ज तुझ्या हाताने दे, मी तिची पेटी भरून ठेवीन आणि एक शब्द बोलणार नाही.

तुझीच, या वेळी फळे पुसायच्या आत पोचलेली,
आई