काठोकाठ भरलेलं भांडं

मंगळवार, मे महिना. दिवेलागण.

बंड्या दवाखान्यातून सलाईन घेऊन आलाय, पायाशी झोपलाय. श्वास ठीक आहे. मघापासून किती वेळा बघितला!

आईने मसाल्याच्या मिरच्या चाळीच्या गच्चीवर वाळत घातल्या आणि कावळे हाकलायला या आपल्या कुत्र्याला तिथेच बांधलं. सावलीत बांधलं होतं म्हणे. पण सावली सरकते, त्याचं काय? मी दुपारी वर गेले तर हा जीभ बाहेर काढून धापा टाकतोय. आई म्हणाली, "अगं, मिरचीचा ठसका लागलाय त्याला." मलाही पटलं. शेजारी पाण्याचं भांडं काठोकाठ भरलेलं होतं ना!

मग तो उठायला गेला आणि मागचे पाय लटपटले. हिरड्या लालभडक, हात लावला तर चिकट. मानेची कातडी चिमटीत धरून सोडली, तर लवकर खाली बसेना. डॉक्टरांना फोन लावला. आई बर्फ आणायला धावली, पण ते म्हणाले, "बर्फ नको. साधं पाणी अंगावर ओता आणि लगेच घेऊन या."

ओतायला तेच भांडं उचललं आणि चटका बसला. स्टीलचं भांडं, उन्हात. पाणी अंघोळीच्या पाण्यासारखं कढत. काठोकाठ होतं, कारण त्याला एक घोटही पिता आला नव्हता.

आता आईने मातीचं भांडं भरून ठेवलंय. सारखी उठते, त्या पाण्यात बोट घालून बघते आणि परत बसते.