दक्षिणेकडे तोंड

बोरी, ता. जिंतूर
१० जानेवारी २०२५

चि. राजेश्रीस बाबांचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. तुझी आई दोन घास जास्त जेवते आणि मला चार शब्द जास्त बोलते, त्यावरून तब्येत ओळख. तूर काढून झाली. फोन असताना पत्र कशाला, असं वाटेल. फोनवर माझा आवाज चढतो आणि खरं ते आतच राहतं.

तू सोलार बसवायचं काम सोडून नाशिकच्या त्याच दुकानात नुसती बिलं लिहायला बसणार, असं आईकडून कळलं. तुझ्या चुकीनं तिचा जीव जाता जाता वाचला, असं म्हणालीस म्हणे. तेव्हापासून मला अन्न गोड लागत नाही.

दिवाळीत तू ओसरीवर वही घेऊन बसली होतीस. आईला संध्याकाळी चार-पाच तास ऑक्सिजन मशीन लावावी लागते, तिला किती वॉट लागतात, लाइट गेली तर बॅटरी किती पुरेल, सगळं मांडत होतीस. मी म्हणालो, टीव्हीपण जोड. तू म्हणालीस, "बाबा, मशीन आणि एक बल्ब. पाच तास. बाकी काही जोडायचं नाही." या घरात माझ्यासमोर इतकं ठाम कुणी बोललं नव्हतं. राग आला, आणि खरं सांगतो, छातीही फुगली.

स्लॅबवर सोलारच्या प्लेटा तू स्वतः बसवल्यास, दक्षिणेकडे तोंड करून. शेजारचा लिंबाजी खालून म्हणाला, "घरात आजारी माणूस हाय आन् दक्षिणेला?" आपण दिव्याचंही तोंड तिकडे करत नाही, यमाची दिशा ती. तू म्हणालीस, ऊन त्याच अंगानं येतं.

तू गेल्यावर चौथ्या दिवशी पाना घेऊन वर गेलो आणि अख्खा स्टँड पूर्वेकडे फिरवला.

मग गावची डीपी जळाली, दोन दिवस लाइट नाही. दुपारनंतर प्लेटांवर ऊन नीट पडेना, बॅटरी भरेना. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीलाच मशीन बंद पडली आणि लिंबाजीच्या जीपमधून आईला जिंतूरला न्यावं लागलं. तू धावत दवाखान्यात आलीस. तीनदा विचारलंस, "बाबा, प्लेटा कुणी हलवल्या का?" तीनदा मी नाही म्हणालो. घरी जाऊन बघते म्हणालीस, तर म्हणालो, आता पुन्हा हात लावू नकोस. तू तिथूनच परत गेलीस. मी मात्र पारावर सांगत सुटलो, पोरीचं गणित चुकलं.

गणित बरोबर होतं, बाळा.

रविवारी आईला सगळं सांगितलं. वाटलं, रडेल. ती म्हणाली, "यम येतो त्या वाटंवर पोरीनं पहारा बसवला व्हता. तुमी त्याचंच तोंड फिरवलं व्हय? जा, आदी नीट करा."

केलं. मंगळवारी पारावरची मंडळी ओसरीवर बोलावली आणि ऊन कलल्यावर मेन स्विच मीच पाडला. घड्याळ लिंबाजीच्या हातात दिलं. मशीन पाच तास वीस मिनिटं चालली. आई मजेत बोलत बसली होती. मला तर वाटलं, जिल्ह्यात पहिली आलीस तू. मग सगळ्यांसमोर म्हणालो, "प्लेटा म्या फिरवल्या व्हत्या. पोरगी चुकली न्हाई."

कुणी हसलं नाही. लिंबाजी आता तुझ्याच हातच्या प्लेटा हव्यात म्हणतो. पण जाता जाता त्यानं विचारलं, "हे पोरीला कवा सांगणार?"

गावापुढे मान खाली घालणं सोपं गेलं. तुला लिहायला हा चौथा कागद. माफी मागायची मला सवय नाही, नीट जमली नसेल, तरी मागतो. बिलं लिहायला दुकानाला दुसरं कुणीही मिळेल. मी खोटं बोललो म्हणून तू मागे सरू नकोस.

आता तुझ्या कामाचा गावभर तोरा मिरवणारा, आणि तुला तोंडावर एकदाही शाबास न म्हटलेला,

तुझा बाप
रामप्रसाद